संमतीचा कागद आणि माथ्यावरचा मजला

घरटंचाईचा प्रश्न हाताबाहेर गेला की राज्यकर्त्यांना आकाश आठवते. जमीन संपली आहे, तेव्हा आता वर चढण्यावाचून गत्यंतर नाही, हे वाक्य मुंबईच्या प्रत्येक नगरविकास मंत्र्याने कधी ना कधी उच्चारलेले आहे. अलीकडे त्याला दुसरे एक वाक्य जोडले जाते : लोकांचाच याला पाठिंबा आहे. राहत्या इमारतीवर नवे मजले चढवावेत, किंवा ती पाडून तिच्या जागी चौपट उंचीची इमारत उभारावी, याला रहिवाशांनी संमती दिलेली आहे, त्यांच्या सह्यांचे कागद दप्तरात आहेत, सर्वेक्षणे झालेली आहेत. मग विरोध करणारे हे मूठभर उपटसुंभ कोण, असा हा युक्तिवाद असतो.

पहिल्या वाक्यात तथ्यांश आहे. दुसऱ्या वाक्याची मात्र कसून तपासणी झाली पाहिजे. कारण लोकशाहीत ‘लोकांची संमती’ हा सर्वांत पवित्र शब्दप्रयोग होय, आणि म्हणूनच सर्वांत अधिक फसवणूक त्याच्याच आडून होते. पाठिंबा कोणाला विचारला, काय सांगून विचारला, आणि ज्याने तो दिला त्याला तो परत घेण्याचा अधिकार उरला काय, हे तीन प्रश्न उपस्थित केल्यावाचून कोणत्याही टक्केवारीला काडीचाही अर्थ नसतो.

हा प्रश्न केवळ मुंबईचा नाही. इंग्लंडमध्ये १ ऑगस्ट २०२० पासून तीन किंवा अधिक मजल्यांच्या, सुट्या उभ्या असलेल्या निवासी इमारतींवर आणखी दोन मजल्यांपर्यंत नवी घरे बांधण्यास नियोजन खात्याची नेहमीची संपूर्ण परवानगी लागेनाशी झाली. काही ठरावीक बाबींची पूर्वमान्यता मिळाली की काम भागते. तेथील असंख्य सदनिकांमधील रहिवासी हे दीर्घ मुदतीचे भाडेपट्टेधारक असतात. इमारतीची आणि तिच्या माथ्यावरच्या पोकळीची मालकी दुसऱ्याच कोणाची तरी असते. ती पोकळी मालक विकतो, आणि खालचा रहिवासी पायाड, धूळ व हातोड्यांचे आवाज सोसतो. नियोजनाच्या या परवानगीसाठी त्याच्या संमतीची अट नाही. भांडवलशाहीचे माहेरघर असलेल्या देशात माथ्यावरची हवासुद्धा विक्रीची वस्तू झाली, यात नवल नाही. नवल याचे वाटावे की समाजवादी समाजरचनेची शपथ घेतलेल्या आपल्या प्रजासत्ताकातही नेमके तेच घडले, आणि ते लोकसंमतीच्या नावाने घडले.

टक्केवारीची उतरंड

मुंबईत या व्यवहाराला शास्त्रशुद्ध रूप दिले ते १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने. तत्पूर्वीची पार्श्वभूमी कार्यकर्त्यांच्या परिचयाची आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठवली आणि गिरणी कामगाराला, कारकुनाला, हमालाला डोक्यावरचे छप्पर टिकवता आले. मालकांनी त्याचा सूड दुरुस्ती न करून घेतला. गिरगाव, लालबाग, काळाचौकी, डोंगरी, भायखळा या भागांतील चाळी खचू लागल्या. १९६९ मध्ये इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला, रहिवाशांकडून उपकर घेतला जाऊ लागला, आणि एकोणीस हजारांहून अधिक इमारती ‘उपकरप्राप्त’ म्हणून नोंदवल्या गेल्या. शासनाने त्या टेकूंवर उभ्या ठेवल्या. पुनर्बांधणीसाठी लागणारा पैसा मात्र कधीच पुरेसा दिला नाही. मग १९९१ साली युक्ती काढण्यात आली : पैसा द्यावयाचा नाही, चटई क्षेत्र द्यावयाचे. खालच्या भाडेकरूला नव्या इमारतीत घर मिळेल, आणि त्याच्या माथ्यावर जे जादा मजले चढतील ते विकून बिल्डरने खर्च व नफा वसूल करावा. याच नियमावलीने हस्तांतरणीय विकास हक्क नावाची चीज बाजारात आणली. एका ठिकाणच्या जमिनीचा हक्क कागदावर उचलून उपनगरातल्या दुसऱ्याच इमारतीच्या डोक्यावर ठेवता येऊ लागला. उपनगरांतील कित्येक चारमजली सोसायट्यांवर त्यानंतर दोन-दोन, तीन-तीन मजले चढले ते याच कागदाच्या जोरावर.

या योजनेला नैतिक आधार होता तो संमतीचा. उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्विकासाला सत्तर टक्के भाडेकरूंची लेखी संमती आवश्यक होती. १९९५ मध्ये सत्तेवर आलेल्या युती सरकारने चाळीस लाख झोपडीवासीयांना मोफत घरे देण्याची घोषणा केली, तेव्हा झोपडपट्टी पुनर्वसनातही सत्तर टक्क्यांचीच अट राहिली. तीन दशके उलटली. त्या चाळीस लाखांचे उद्दिष्ट निम्म्यावरही पोहोचलेले नाही. पण या काळात शासनाला जी अडचण जाणवली ती घरे न बांधली गेल्याची नव्हे, तर संमतीची. सत्तरचे एक्कावन्न झाले. उपकरप्राप्त इमारतींत झाले, झोपडपट्टीत झाले. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या बाबतीत २००९ च्या शासन निर्णयाने सर्वसाधारण सभेला तीन-चतुर्थांश सभासदांची उपस्थिती आणि उपस्थितांपैकी तीन-चतुर्थांशांची मान्यता मागितली होती. जुलै २०१९ च्या निर्णयाने उपस्थिती दोन-तृतीयांशांवर आणि मान्यता एकूण सभासदांच्या एक्कावन्न टक्क्यांवर आणली. आणि धारावीत, जेथे राहणाऱ्यांची संख्या सर्वांत मोठी, तेथे संमतीची अट मुळातूनच वगळण्यात आली. माणसे जितकी अधिक आणि जितकी गरीब, तितकी त्यांच्या होकाराची गरज कमी, असे हे विलक्षण व्यस्त प्रमाण आहे.

या कपातीचे समर्थन करणारे म्हणतात की, चार आडमुठे रहिवासी किंवा तळमजल्यावरचा एखादा धनाढ्य दुकानदार साऱ्या चाळीला वेठीस धरतो. आणि तोवर इमारत कोसळते. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजार परिसरातील हुसैनी इमारत कोसळून तेहेतीस माणसे मृत्युमुखी पडली. मोडकळीला आलेल्या चाळीत राहणाऱ्या माणसाला संमतीचे तत्त्वज्ञान ऐकवणे सोपे असते. पावसाळ्याच्या रात्री तुळई कुरकुरते तेव्हा त्याला काय वाटत असेल ते वेगळे. म्हणून सत्तर टक्के पवित्र आणि एक्कावन्न टक्के पापी, अशी भाषा करण्यात अर्थ नाही. बहुमताने निर्णय घेणे हा लोकशाहीचा स्वीकृत मार्गच आहे.

दोष आकड्यात नाही, संमतीच्या स्वरूपात आहे. नियमावलीने मागितलेली भाडेकरूची संमती ही ‘अपरिवर्तनीय’ संमती असते. हा शब्द कार्यकर्त्यांनी नीट ध्यानात ठेवावा. आमदार निवडून दिला तर पाच वर्षांनी त्याला घरी बसवता येते. सरकार अल्पमतात आले तर उद्या पडते. लग्नाच्या बंधनालाही कायद्याने घटस्फोटाची वाट ठेवली आहे. परंतु चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या विधवेने बिल्डरच्या माणसाने पुढे केलेल्या कागदावर एकदा अंगठा उठवला की तो परत घेता येत नाही. आणि हा अंगठा उठतो केव्हा? अंतिम आराखडा मंजूर होण्यापूर्वी, इमारत किती मजल्यांची होणार हे निश्चित होण्यापूर्वी, संक्रमण शिबिर कोठे आहे हे समजण्यापूर्वी. ज्या वस्तूविषयी काहीच ठरलेले नाही तिला दिलेला होकार हा करार नव्हे. तो कोरा धनादेश होय. बिल्डर बदलतो, प्रकल्प एका कंपनीकडून दुसरीकडे विकला जातो, घराचे भाडे देणे थांबते, आणि ज्यांनी तीन वर्षांत परत येण्याच्या बोलीवर खोल्या रिकाम्या केल्या त्यांची मुले संक्रमण शिबिरात लहानाची मोठी होतात. संमती मात्र कायम असते.

विचारले कोणाला?

आता सर्वेक्षणांकडे वळू या. ‘शहरातील घरांची टंचाई दूर करण्यासाठी असलेल्या इमारतींवर नवी घरे बांधावीत काय?’ असा प्रश्न कोणालाही विचारला तर बहुतेक लोक होय म्हणतील. ‘तुमच्या इमारतीवर बांधावीत काय?’ असे विचारताच होकार ओसरतो. ‘बांधकाम चालू असताना तुम्हाला खालीच राहावे लागेल’, असे पुढे जोडले तर आणखी ओसरतो. आणि ‘त्याबद्दल तुम्हाला दीडशे चौरस फूट जागा अधिक मिळेल’, असे म्हटले की पुन्हा चढतो. या चारही उत्तरांत खोटे एकही नाही. पण त्यांपैकी नेमके एक उत्तर उचलून ‘जनमताचा कौल’ म्हणून मिरवणे हा विज्ञानाचा नव्हे, जाहिरातीचा भाग होय.

याहून गंभीर गोष्ट अशी की, अशा सर्वेक्षणांत प्रश्न विचारले जातात ते ज्यांना घर आहे त्यांना. इमारतीत मालक असतो, त्याचा अधिकृत भाडेकरू असतो, आणि त्या भाडेकरूने ठेवलेला पोटभाडेकरूही असतो. पहिल्याला मोबदला मिळतो, दुसऱ्याला घर मिळते, तिसरा यादीतच नसतो. आणि चौथा एक माणूस असतो, ज्याचा या सर्व उठाठेवीशी खरा संबंध आहे. तो म्हणजे ज्याला घर नाही तो. पदपथावर झोपणारा नाका कामगार, कर्जत-कसाऱ्याहून रोज दोन-दोन तास लोंबकळत येणारा कंपाउंडर, सासऱ्याच्या खोलीत पडदा लावून संसार करणारे नवपरिणीत जोडपे. नवे मजले त्यांच्यासाठी बांधले जात आहेत असे सांगितले जाते. परंतु त्यांना विचारावयास कोणी जात नाही, कारण ते ‘त्या इमारतीचे रहिवासी’ नाहीत.

येथे समाजवादी कार्यकर्त्यांनीही थोडे आत्मपरीक्षण करणे इष्ट ठरेल. दादर, पार्ले, मुलुंड येथील सुस्थित सोसायट्या नव्या मजल्यांना विरोध करतात तेव्हा त्यांच्या तोंडी पाणी, वाहनतळ आणि वारा-उजेडाची भाषा असते. पण त्यांपैकी अनेकांच्या पोटात निराळीच भीती असते : वर कोण राहावयास येईल? जात, धर्म आणि मिळकत पाहून सदनिका देणाऱ्या या सोसायट्यांच्या विरोधाला लोकलढ्याचे नाव देण्याची चूक चळवळीकडून अधूनमधून होते. ज्याला स्वतःचे घर मिळाले त्याने मागून येणाऱ्याच्या तोंडावर दार लावून घेणे हा नागरी हक्क नव्हे. तो विशेषाधिकार होय. शहर वाढणार आहे, माणसे येणार आहेत, ती यावीत. त्यांना राहण्यासाठी काही ठिकाणी वर चढावे लागेल, हेही मान्य केले पाहिजे. वाद उंचीचा नाही. वाद त्या उंचीच्या मालकीचा आहे.

धारावीचा माळा

या मालकीचे खरे स्वरूप पाहावयाचे असेल तर धारावीत जावे. तेथील कष्टकऱ्याने शासनाच्या किती तरी आधी ‘वर चढण्याचा’ मार्ग शोधून काढला. तळाच्या खोलीत शिलाई यंत्रे किंवा चामड्याचे काम, वर लोखंडी शिडीने जाण्याचा माळा, त्यात मुलगा-सून किंवा गावाकडचे चार भाडेकरू. असलेल्या घरावर नवे घर बांधण्याची ही योजना कोणत्याही वास्तुविशारदाशिवाय, कोणत्याही सवलतीशिवाय, स्वतःच्या बचतीतून अमलात आली. आता त्याच धारावीच्या पुनर्विकासासाठी १८ मार्च २०२४ पासून घरोघर सर्वेक्षण सुरू झाले. ते पाठिंब्याचे सर्वेक्षण नव्हते. ‘तुम्हाला हे हवे आहे काय’, असा प्रश्न त्यात नव्हता. ‘तुम्ही पात्र आहात काय’, एवढाच होता.

पात्रतेचे निकष पाहावेत. १ जानेवारी २००० पूर्वीपासून तळमजल्यावर राहणाऱ्याला धारावीतच साडेतीनशे चौरस फुटांचे घर मोफत. त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंत आलेल्या तळमजलेवाल्याला धारावीबाहेर तीनशे चौरस फूट, तेही अडीच लाख रुपये भरून. आणि जो माळ्यावर राहतो त्याला, तो कितीही जुना असला तरी, धारावीबाहेर भाडेतत्त्वावरचे घर, जे पुढे विकत घेण्याची मुभा आहे. याचा अर्थ उघड आहे. मजुराने घरावर चढवलेला मजला हा ‘अनधिकृत’. त्यामुळे त्यात वीस वर्षे राहूनही धारावीत राहण्याचा हक्क निर्माण होत नाही. त्याच जमिनीवर कंपनीने चढवलेला तिसावा मजला हा ‘विकास’. आणि त्याच्या विक्रीचा हक्क मात्र वीट रचण्यापूर्वीच निर्माण झालेला असतो. ज्या संयुक्त कंपनीकडे हे काम सोपवले आहे तीत उद्योगसमूहाचा वाटा ऐंशी टक्के, शासनाचा वीस. जमिनीचा बहुतांश भाग सार्वजनिक मालकीचा असूनही ही विभागणी आहे. एकाच आकाशासाठी दोन कायदे आहेत, आणि कोणता कायदा कोणाला लागू व्हावयाचा हे चढणाऱ्याच्या खिशावरून ठरते.

वरकड कोणाच्या खिशात?

अर्थशास्त्राच्या प्राथमिक विद्यार्थ्यालाही ठाऊक असते की, जमिनीचा खंड हा जमीनदाराच्या श्रमातून निर्माण होत नाही. रिकार्डोने १८१७ मध्ये हे मांडले; हेन्री जॉर्जने १८७९ मध्ये त्यावरून करव्यवस्थेची सारी इमारत उभारली. शहरातल्या जमिनीचे मोल वाढते ते तेथे रेल्वे येते म्हणून, नळ येतो म्हणून, शाळा-इस्पितळे निघतात म्हणून, आणि लाखो माणसे तेथे राबतात म्हणून. हे मोल समाजनिर्मित आहे. तेव्हा त्यावर पहिला हक्क समाजाचा.

चटई क्षेत्र निर्देशांकाच्या बाबतीत तर हे आणखी उघड आहे. एक हजार चौरस मीटरचा भूखंड घेऊ. मुंबई शहर विभागातील १.३३ या निर्देशांकानुसार त्यावर १३३० चौरस मीटर बांधकाम होते. निर्देशांक ३ केला की ३००० चौरस मीटर. मधले १६७० चौरस मीटर कोठून आले? कोणी खणून काढले नाहीत, कोणी पेरले नाहीत. मंत्रालयातल्या एका अधिसूचनेने ते जन्माला आले. कलमाच्या फटकाऱ्याने निर्माण झालेली ही संपत्ती सार्वजनिक तिजोरीत यावी, हा साधा न्याय होय. घडते उलटे. पुनर्विकासाच्या योजनांत ती बक्षीस म्हणून दिली जाते. आणि जेथे शासन अधिमूल्य आकारते तेथेही मंदीचे निमित्त पुढे करून सूट मिळते. जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने ही अधिमूल्ये वर्षअखेरपर्यंत निम्म्यावर आणली. खरेदीदाराचे मुद्रांक शुल्क बिल्डरने भरावे अशी अट त्यासोबत होती खरी. पण ज्याची ऐपत सदनिका विकत घेण्याची त्याच्यासाठी ती अट. ज्याला भाड्याची खोली परवडत नाही त्याच्या वाट्याला त्यातून काय आले?

या मजल्यांनी टंचाई तरी दूर होते काय? केंद्र सरकारच्या तज्ज्ञगटाने २०१२ मध्ये देशाच्या नागरी भागातील घरांची तूट १ कोटी ८७ लाखांहून अधिक असल्याचा अंदाज केला, आणि त्यातील पंचाण्णव टक्क्यांहून अधिक तूट आर्थिक दुर्बल व अल्प उत्पन्न गटांची असल्याचे दाखवले. त्याच सुमारास, २०११ च्या जनगणनेत, याच नागरी भागात एक कोटी दहा लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली. म्हणजे घरे आहेत तेथे माणसे नाहीत आणि माणसे आहेत तेथे घरे नाहीत. माथ्यावर चढणारे मजले गुंतवणुकीच्या तिजोऱ्या म्हणून विकले जाणार असतील, तर आकाशाला भिडूनही त्यांनी ही तूट एका खोलीनेही भरून निघणार नाही.

खाली राहणाऱ्यांचा उजेड

उंचीची किंमत पैशांतच मोजली जाते असे नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ लकी कंपाउंडमधील इमारत कोसळून चौऱ्याहत्तर माणसे मेली. वर मजल्यामागून मजला चढत होता आणि खाली बांधकाम मजुरांची व इतर गरिबांची कुटुंबे राहत होती. वर बांधत राहणे आणि खाली राहत राहणे याचा तो अखेरचा हिशेब होता. त्या इमारतीला परवानगी नव्हती, हे खरे; पण तिच्यात राहणाऱ्यांना परवानगीच्या इमारतीत राहणे परवडत असते तर ते तेथे गेलेच नसते, हेही तितकेच खरे आहे.

परवानगीच्या इमारती तरी कशा आहेत? मानखुर्दचे लल्लूभाई कंपाउंड किंवा गोवंडीचे नटवर पारेख कंपाउंड पाहावे. प्रकल्पग्रस्तांना व झोपडीवासीयांना जेथे वसवले तेथे दोन इमारतींमधले अंतर तीन मीटर इतके कमी आहे. खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. कोंदट हवेच्या या खोल्यांत क्षयरोग फोफावतो, हे डॉक्टरांच्या पाहणीतून पुढे आलेले आहे. चटई क्षेत्र वाचवून विक्रीच्या इमारतीला ऐसपैस जागा द्यावयाची आणि पुनर्वसनाची इमारत पेटीसारखी दाटीवाटीने रचावयाची, या गणिताची वजाबाकी अखेर मुलांच्या फुफ्फुसांतून केली जाते. त्यात पुन्हा लिफ्ट, पंप आणि देखभालीचा मासिक खर्च. हा बोजा न पेलल्यामुळे घर विकून पुन्हा झोपडीत गेलेल्या माणसाला ‘फुकटे’ म्हणून हिणवणाऱ्या मध्यमवर्गाने स्वतःच्या सोसायटीचे मासिक बिल एकदा त्याच्या मजुरीशी ताडून पाहावे.

मग करावयाचे काय?

केवळ विरोध पुरेसा नाही. चळवळीजवळ पर्याय आहे, आणि तो अनुभवातून सिद्ध झालेला आहे. १९७६ च्या नागरी जमीन कमाल मर्यादा कायद्याचा आधार घेऊन मृणाल गोरे, बाबुराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेच्या वतीने दीर्घ लढा दिला आणि गोरेगावात दिंडोशीच्या परिसरात हजारो सामान्य कुटुंबांना रास्त किमतीत घरे मिळवून दिली. बिल्डरशिवाय, नफ्याशिवाय, जादा मजल्यांच्या बक्षिसाशिवाय हे होऊ शकते याचा तो चालताबोलता पुरावा आहे. तो कायदाच महाराष्ट्राने नोव्हेंबर २००७ मध्ये गुंडाळून ठेवला, हे विसरता कामा नये. वरळीच्या बीडीडी चाळींत शासनाच्याच गृहनिर्माण मंडळाने पुनर्विकास हाती घेतला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये एकशेसाठ चौरस फुटांच्या खोल्यांतून निघालेल्या पाचशेहून अधिक कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. तेथेही रहिवाशांना शंका होत्या, आंदोलने झाली, विलंब झाला. पण सार्वजनिक यंत्रणा हे काम करूच शकत नाही, हा प्रचार त्याने खोटा पाडला. स्वयंपुनर्विकासाला सवलती देणारा शासन निर्णय सप्टेंबर २०१९ मध्ये निघालेला आहे. सोसायटीने स्वतःच कर्ज काढून, स्वतःच कंत्राटदार नेमून इमारत उभारावी आणि बिल्डरचा नफा सभासदांतच राहावा, ही सहकाराची मूळ कल्पना त्यात आहे. उणीव आहे ती भांडवलाची, आणि ते भांडवल सहकारी बँकांनी व शासनाने पुरवले पाहिजे.

या पार्श्वभूमीवर मागण्या स्पष्ट असाव्यात. संमती घ्यावयाची ती मंजूर आराखडा, घराचे क्षेत्रफळ, मजल्यांची संख्या आणि परतीची तारीख मराठीत लिहून हाती दिल्यानंतरच. ती बिल्डरच्या माणसाने दारोदार फिरून नव्हे, तर सार्वजनिक यंत्रणेच्या देखरेखीखाली गुप्त मतदानाने घ्यावी. प्रकल्प विकला गेला, भाडे थांबले किंवा मुदत टळली तर ती आपोआप रद्द व्हावी. मतदारयादीत पोटभाडेकरू आणि माळ्यावर राहणारे यांचाही समावेश असावा. चढणाऱ्या जादा मजल्यांपैकी ठरावीक हिस्सा सार्वजनिक मालकीच्या भाड्याच्या घरांसाठी राखून ठेवावा, म्हणजे ज्याला कोणी विचारत नाही त्या चौथ्या माणसाला त्या उंचीवर जागा मिळेल. आणि सार्वजनिक जमिनीची मालकी कोणत्याही सबबीखाली खासगी हातांत जाऊ नये.

कार्यकर्त्यांसमोरचे काम यातून ठरते. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांच्या जमिनींचे काय झाले हे सर्वांनी डोळ्यांदेखत पाहिले. १९९१ च्या नियमावलीत शहराला आणि सार्वजनिक घरांना त्या जमिनींचा मोठा वाटा देण्याचे वचन होते. २००१ च्या एका दुरुस्तीने तो वाटा केवळ मोकळ्या जागेपुरता उरला, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. तेव्हा चळवळ मोर्च्यांत गुंतलेली होती आणि दुरुस्ती वाचावयास कोणालाच सवड नव्हती. ती चूक पुन्हा होता कामा नये. प्रत्येक चाळीत, प्रत्येक वस्तीत, प्रत्येक सोसायटीत कार्यकर्त्याने संमतीचा तो कागद मागून घ्यावा, रहिवाशांसमवेत बसून ओळीगणिक वाचावा, आणि ‘अपरिवर्तनीय’ या शब्दाखाली रेघ मारून दाखवावी.

शहराला उंच होऊ द्यावे. त्याला कोणाचीच हरकत असण्याचे कारण नाही. परंतु ज्याच्या माथ्यावर मजला चढतो आहे त्याचा होकार हा आमिषाने काढलेला अंगठा असता कामा नये, आणि त्या मजल्याचे दार उघडण्याचा हक्क केवळ थैलीवाल्याचा असता कामा नये. जमिनीवरची जमीनदारी कायद्याने मोडीत काढण्यास या देशाला कित्येक वर्षे लागली. आता आकाशात जी नवी जमीनदारी उभी राहत आहे तिला, ती पुरती उभी राहण्यापूर्वीच, अडवणे हे आजच्या चळवळीचे काम आहे.